शेवटचे पंचवीस डाव: ब्लिट्झचं रेटिंग नेमकं कुठे अडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा होता: वय ३६, नोकरी, रात्री लायचेस या बुद्धिबळाच्या साइटवर ३+२ चे ब्लिट्झ डाव (प्रत्येकाला तीन मिनिटं, शिवाय दर चालीला दोन सेकंद वाढीव). रेटिंग आठ महिने १५०० ते १५८० मध्येच घुटमळतंय. प्रत्येक डावानंतर कॉम्प्युटर ॲनालिसिस लावतो, लाल खुणा बघतो, ‘अरे, हे तर दिसायला हवं होतं’ म्हणतो आणि पुढचा डाव सुरू करतो. अलीकडच्या डावांचं करायचं तरी काय? सोबत शेवटचे २५ डाव जोडले होते.

सगळे डाव पाहिले. दोन संध्याकाळी गेल्या, पण मजा आली. आधी हिशेब सांगतो: ११ जिंकले, १३ हरले, एक बरोबरीत. म्हणजे तुमच्या रेटिंगच्या माणसाचं जे व्हायला हवं तेच. आता त्या १३ हारी मी चार ढिगांत टाकल्या. चार डाव वेळ संपून गेले. चार डावांत समोरच्याची शेवटची चाल नीट न पाहता मोहरं फुकट गेलं. तीन डाव ओपनिंगमध्येच, म्हणजे सुरुवातीच्या चालींतच, संपले, आणि तिन्ही एकाच पोझिशनमधून. दोन डाव राजा-प्याद्यांच्या एंडगेममध्ये, म्हणजे पटावर फक्त राजे आणि प्यादी उरल्यावर, हरले. बस. तेरा वेगवेगळ्या चुका नाहीत, चार आहेत, आणि त्या तुम्ही आलटून पालटून करताय.

एकेक डाव उघडून बघितला की हे दिसत नाही. मंगळवारच्या डावात हत्ती गेला, गुरुवारच्या डावात घोडा गेला, इंजिन (ते ॲनालिसिस करणारा प्रोग्राम) दोन्हीकडे लाल खूण करतं आणि तुम्ही दोन्हीकडे कपाळावर हात मारता. ब्लिट्झचा एक डाव फार थोडं बोलतो. पंचवीस डाव एकत्र मांडले की बोलायला लागतात. जगज्जेता मिखाईल बोट्विनिक स्वतःच्या डावांच्या विश्लेषणाला अभ्यासाचा पाया मानायचा, पण त्याचे डाव चार-पाच तासांचे असत. एकेक डाव खणावा इतका माल त्यात होता. तुमच्या सहा मिनिटांच्या डावात तेवढं खणलंत तर खाली खडकच लागेल.

वेळेपासून सुरुवात करतो, कारण तिथेच तुमचं सगळ्यात जास्त नुकसान आहे आणि तिथेच तुम्ही बघत नाही आहात.

तुमचा एक डाव घ्या, तुम्ही पांढरे. ३१ व्या चालीला हत्ती सरळ उंटाच्या तोंडी दिलात. इंजिनने दोन प्रश्नचिन्हं (ब्लंडर, म्हणजे घोडचूक) लावली, तुम्ही टिपणात लिहिलंत, ‘हत्ती दिसला नाही’. मी घड्याळ पाहिलं. त्या क्षणी तुमच्याकडे सहा सेकंद होते. सहा सेकंदांत हत्ती मलाही दिसला नसता. मग मागे मागे गेलो. लायचेसच्या ॲनालिसिसमध्ये प्रत्येक चालीला किती वेळ घेतला त्याचा आलेख असतो, पटाखाली. त्यात दोन उंच खांब आहेत: १३ व्या चालीला ३८ सेकंद आणि १६ व्या चालीला ४१. तेराव्या चालीला तुम्ही ठरवत काय होतात? डी१ वर ए चा हत्ती आणायचा की एफ चा (पटाच्या उभ्या रांगा ए ते एच, आडव्या १ ते ८). इंजिनच्या मते दोन चालींतला फरक एका प्याद्याच्या दहाव्या हिश्शाइतका आहे. म्हणजे काहीच नाही. हत्ती ३१ व्या चालीला गेला, पण डाव तेराव्या चालीला गेला. इंजिनला हे कळत नाही, कारण त्याच्या लेखी घड्याळच नसतं.

३+२ चा साधा हिशेब करून ठेवा. डाव चाळीस चालींचा धरला तर १८० सेकंद आणि वाढीव ८०, एकूण २६०. चालीमागे साडेसहा सेकंद. पहिल्या आठ-दहा चाली पाठ असतात, तिथे दोन-दोन सेकंद वाचतात. म्हणजे संपूर्ण डावात एकदा, फार तर दोनदा, वीस-पंचवीस सेकंदांची चैन परवडते. ती चैन कुठे करायची याला माझा ठोकताळा असा आहे: मोहऱ्यांची मारामारी चालू असेल, शह आहेत, काही खाल्लं जाणार आहे, अशा ठिकाणी थांबा. दोन्ही चाली बऱ्या वाटतायत आणि मरणार कोणीच नाही, तिथे पहिली मनात आली ती खेळून मोकळे व्हा. वेळ संपून हरलेल्या तुमच्या चारही डावांत पंधराव्या चालीच्या आसपास तीस सेकंदांहून लांब विचार आहे, आणि चारही ठिकाणी प्रश्न ‘कोणता हत्ती’ छापाचा होता. त्या चारपैकी तीन डाव घड्याळ संपलं तेव्हा तुमच्या बाजूने किंवा समान होते, हे वाचून थोडा त्रास होऊ द्या.

(जाता जाता: ३+० कडे वळू नका. वाढीव दोन सेकंद असले की एंडगेम निदान खेळला तरी जातो, आणि जे खेळलंच नाही त्याचा अभ्यास काय करणार? जागतिक ब्लिट्झ स्पर्धासुद्धा ३+२ वरच होते. झटपट बुद्धिबळ म्हणजे टाइमपास असं मानणाऱ्यांना मी हल्ली नागपूरच्या दिव्या देशमुखचं उदाहरण देतो. २०२५ च्या जुलैत बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत कोनेरू हम्पीशी दोन्ही क्लासिकल (लांब वेळेचे) डाव बरोबरीत सुटले आणि निकाल लागला तो रॅपिड (कमी वेळेच्या) टायब्रेकमध्ये.)

दुसरा ढीग, फुकट गेलेल्या मोहऱ्यांचा. यातला एक डाव जरा जवळून पाहू. तुम्ही पांढरे, समोर काळ्याचा उंट जी७ वर, त्याच्यासमोर एफ६ ला त्याचाच घोडा. तुमचा घोडा डी४ वर, पाठीशी एकटा वजीर डी१ ला. काळ्याचा दुसरा घोडा सी६ वरून तुमच्या डी४ च्या घोड्याला भिडलेला. एकाने भिडायचं, एकाने राखायचं, हिशेब बरोबर. आता काळ्याने एफ६ चा घोडा डी७ ला मागे घेतला. तुम्ही एका सेकंदात प्यादं एच४ ला ढकललंत. तुमच्या मनात काय आलं असेल ते मी सांगतो: ‘मागे गेला, घाबरला, चला हल्ला करू.’ पण तो घोडा उठल्याबरोबर जी७ च्या उंटाची रेघ डी४ पर्यंत मोकळी झाली. आता भिडणारे दोन, राखणारा एक. सी६ च्या घोड्याने डी४ चा घोडा खाल्ला, आणि वजिराने परत खावं तर उंट वजीरच घेतो. घोडा फुकट.

तुम्ही घोडा कुठे गेला ते पाहिलंत. तो जिथून उठला तिथे काय उघडलं ते पाहिलं नाहीत. या ढिगातल्या चारपैकी तीन डावांत गुन्हेगार हा असाच लांबून बघणारा उंट आहे. हे एकदा कळलं की उपाय अगदी बारीक होतो. ‘ब्लंडर करू नको’ असं स्वतःला बजावून काही होत नाही, मी वीस वर्षं मुलांना बजावून पाहिलंय. पण ‘समोरचं मोहरं उठलं की आधी रिकाम्या घराकडे बघ’ हे शिकता येतं. पहिले तीन-चार दिवस ओझं वाटतं, वेळ जातो, दोन-चार डाव त्यापायी हरालही. मग डोळा आपोआप जायला लागतो.

ओपनिंगचे तीन डाव. तुम्ही काळे: प्यादं ई४ प्यादं ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, आणि पांढऱ्याचा घोडा जी५ वर. एफ७ वर घोडा आणि उंट दोघांचा डोळा. तुम्ही डी५ खेळता, बरोबर. पांढरा ई च्या प्याद्याने डी५ खातो, आणि तुम्ही घोड्याने परत खाता. इथून पांढरा एफ७ वर घोडा मारतो, राजा त्याला खातो, वजीर एफ३ ला येऊन शह देतो, आणि डी५ चा घोडा वाचवायचा तर तुमचा राजा ई६ ला, पटाच्या मधोमध. याला फ्राइड लिव्हर म्हणतात. इंजिनवर काळ्याची अवस्था वाईट असली तरी लढण्यासारखी दिसते, पण मधोमध उघड्यावर उभा राजा, घड्याळात दोन मिनिटं आणि समोर ही लाइन पाठ असलेला कोणी शाळकरी पोरगा, हे इंजिनच्या आकड्यात मावत नाही. लायचेसच्या ओपनिंग एक्स्प्लोररमध्ये खेळाडूचं नाव टाकून त्याचेच डाव बघता येतात. तुमचं नाव टाकलं. ही पोझिशन तुमच्या पटावर १९ वेळा आलीय आणि १९ च्या १९ वेळा तुम्ही घोड्यानेच खाल्लंय.

खायचं नाही. सी६ चा घोडा ए५ वर न्यायचा आणि सी४ च्या उंटाला हटकायचं. पांढरा उंट बी५ ला नेऊन शह देईल, तुम्ही सी६, तो खाईल, तुम्ही बी च्या प्याद्याने परत खा. एक प्यादं कमी, पण त्याचा उंट मागे पळणार, मग एच६ खेळून जी५ चा घोडाही हाकलायचा. तुमची मोहरी भराभर बाहेर येतात. एवढीही पाठांतराची कटकट नको असेल तर तिसऱ्या चालीला घोडा एफ६ ऐवजी उंट सी५ खेळा. मग घोडा जी५ वर आलाच तर डी८ चा वजीर त्याला सरळ खातो, कारण मधे एफ६ ला तुमचा घोडाच नाही.

ओपनिंगचा अभ्यास ब्लिट्झसाठी मी एवढाच सांगतो. डाव संपला की एक्स्प्लोरर उघडा, आपण ओळखीच्या वाटेवरून पहिल्यांदा कुठे उतरलो ते बघा, आणि त्या जागी एकच चाल शिका. दर डावाला एक. वीस तासांचा कोर्स विकत घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. नको. त्यातल्या नव्वद टक्के लाइन तुमच्या पटावर या वर्षात येणार नाहीत. ही पोझिशन मात्र १९ वेळा आली.

आता इंजिनबद्दल, कारण तुम्ही त्याच्यावर फारच विसंबून आहात. डाव संपल्यावर पहिलं बटण कॉम्प्युटर ॲनालिसिसचं दाबू नका. आधी एक मिनिट नुसता पट मागे-पुढे करा आणि स्वतः ठरवा: डाव कुठे फिरला? तेव्हा माझ्या मनात काय होतं? वहीत एक ओळ लिहा. खरी वही, किराणा दुकानातली वीस रुपयांची चालते. ओळ अशी हवी: ‘१३ व्या चालीला हत्तीवर ३८ सेकंद, नंतर घाई.’ किंवा ‘तो घोडा मागे गेला म्हणून घाबरला असं वाटलं.’ ‘ब्लंडर केला’ ही ओळ चालणार नाही. तो काय झालं याचा पंचनामा झाला, कसं झालं ते राहूनच गेलं. मनात काय होतं हे फक्त तुम्हाला माहीत असतं, तेही डाव संपल्यावर पाचच मिनिटं. दुसऱ्या दिवशी विचाराल तर तुमचं मन सोयीची गोष्ट रचून देईल.

ओळ लिहून झाली की मग इंजिन लावा. त्यातही सगळ्या खुणांकडे बघायचं नाही. मूल्यांकन दोन प्याद्यांहून जास्त फिरलं तेवढ्याच जागा बघा. अधिक ०.८ वरून अधिक ०.२ झालं, याने १५५० च्या ब्लिट्झमध्ये कोणाचं काही बिघडत नाही. आणि इंजिनने सुचवलेली चाल वीस सेकंद बघूनही ‘हे का?’ कळत नसेल तर सोडून द्या, ती चाल तुमच्यासाठी नाही. अचूकतेच्या टक्केवारीवर तर अजिबात जाऊ नका. समोरचा बारा चालींत वजीर घालवून बसला की तुमची अचूकता ९४ टक्के दिसते. त्यात तुमचं कर्तृत्व किती, ते तुम्हीच बघा.

ॲनालिसिस झालं की लायचेसवर आपल्याच चुका कोड्यासारख्या पुन्हा सोडवायचं बटण असतं. ते दाबत जा, दोन मिनिटांचं काम आहे. त्यातली जी पोझिशन दुसऱ्यांदाही चुकली ती एका स्टडीत (लायचेसवरच्याच वहीत) साठवा. माझ्या एका विद्यार्थ्याच्या स्टडीत सहा महिन्यांत चाळीसेक पोझिशन जमल्या, सगळ्या त्याच्याच डावांतल्या. तो दर रविवारी सकाळी चहाबरोबर त्या चाळतो. बाहेरची कोडी वाईट नाहीत, पण कोडं समोर आलं की ‘इथे काहीतरी आहे’ हे आधीच माहीत असतं. डावात कोणी तसं सांगत नाही. आपल्याच हरलेल्या पोझिशनमध्ये निदान तो ठसका तरी लक्षात राहतो.

जिंकलेले डावही उघडा. हे कोणी करत नाही, तुम्हीही केलेलं नाही. तुमच्या ११ विजयांपैकी पाच डावांत तुम्ही मधे साफ हरलेले होतात आणि समोरच्याने परत दिलं. एका डावात तर तोच लांबचा उंट, तीच उघडी रेघ, फक्त समोरच्यालाही दिसली नाही. मी तर म्हणेन, आधी जिंकलेले बघा. हरलेला डाव बघताना माणूस एकतर स्वतःवर चिडलेला असतो किंवा सबबी शोधत असतो. जिंकलेला डाव थंड डोक्याने बघता येतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नव्हती, पण डावांच्या वेळा समोर होत्या म्हणून सांगतो. रात्री साडेबारानंतरचे नऊ डाव आहेत. त्यात सात हरलात. सलग. एक हरला की लगेच पुढचा, मधे दहा सेकंदांचंही अंतर नाही. हे बुद्धिबळ नाही, ही वसुली आहे. गेलेले आठ गुण परत आणायचे म्हणून बसलेला माणूस. वेळ संपून हरलेल्या चारपैकी तीन डाव याच नवांत आहेत, म्हणजे मी वर हत्तीवर एवढं प्रवचन दिलं त्यातला काही भाग झोपेचा आहे. लागोपाठ दोन हरले की बंद, असा नियम करा आणि तो बायकोला सांगून ठेवा. स्वतःपाशी केलेला नियम साडेबाराला टिकत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. मी स्वतः एका रात्रीत १४० गुण घालवून पहाटे तीनला झोपलोय, दुसऱ्या दिवशी सकाळी साताला मुलांचा वर्ग होता.

मग दिवस कसा बसवायचा? रात्री तीन डाव, जास्तीत जास्त चार. प्रत्येकानंतर एक ओळ आणि दोन-तीन मिनिटं. एवढंच. आठवड्याच्या शेवटी वही उघडायची आणि ओळींचे ढीग करायचे, जसे मी केले. सगळ्यात मोठा ढीग कोणता, तेवढं एकच काम पुढचे पंधरा दिवस. आत्ता तुमच्यासाठी ते घड्याळ आहे. या पंधरा दिवसांत उंटाकडे दुर्लक्ष झालं तर होऊ द्या. चार गोष्टी एकदम सुधारायला निघालेला माणूस आठवड्यात कंटाळतो. शिवाय जमलं तर सुट्टीच्या दिवशी एखादा १५+१० चा डाव खेळा. लांबच्या उंटाकडे बघायची सवय तीन मिनिटांच्या डावात लागत नाही, ती संथ डावात लागते आणि मग ब्लिट्झमध्ये उतरते.

रेटिंग या पंधरा दिवसांत पडेल, धरून चला. तुम्ही लक्ष नवीन ठिकाणी देताय, जुनी कामं थोडी विस्कटणारच. आलेख महिन्याने बघा.

राहिला चौथा ढीग, एंडगेम. दोनच डाव, पण दोन्हीत एकच पोझिशन, म्हणून ती इथेच देतो. पांढऱ्याचा राजा ई५, प्यादं ई६. तुमचा काळा राजा ई७. चाल तुमची. एकदा तुम्ही डी८ ला गेलात, एकदा एफ८ ला, दोन्ही डाव हरलात. सरळ मागे, ई८ ला जायचं. मग पांढरा राजा डी६ ला आला तर तुम्ही डी८, एफ६ ला आला तर तुम्ही एफ८, कायम त्याच्या समोरासमोर. समजा डी६-डी८ झालं. तो प्यादं ई७ ला ढकलून शह देईल, तुम्ही परत ई८. आता प्यादं वाचवायला त्याला ई६ ला यावं लागतं आणि तुम्हाला खेळायला घर उरत नाही: स्टेलमेट, बरोबरी. त्याच जागी सुरुवातीला डी८ ला गेलात तर तो डी६ ला येतो, तुम्ही ई८, तो प्यादं ई७ ला ढकलतो, या वेळी शह न देता. तुम्हाला एफ७ ला सरकावंच लागतं, त्याचा राजा डी७ ला येतो आणि प्यादं वजीर होतं. लायचेसच्या बोर्ड एडिटरमध्ये ही पोझिशन मांडून कॉम्प्युटरशी काळ्या बाजूने दहा वेळा खेळा. पंधरा मिनिटं लागतील. आज रात्री ब्लिट्झच्या आधी हेच करा.